‘ताबा’ आणि ‘कब्जा’ : अर्थ एक, जन्म वेगळे

‘ताबा घेणे’ला समानार्थी शब्द विचारला की बहुतेक जण ‘कब्जा करणे’ सांगतात. उत्तर बरोबरच आहे, पण हे शब्द एकाच पकडीच्या दोन टोकांकडून आलेत.

दोन्ही मूळचे अरबी. सुलतानी काळात फारसी दफ्तरांतून मराठीत रुळले. ‘कब्जा’च्या मुळाशी मुठीत धरणं आहे. फारसीत तलवारीच्या मुठीलाही कब्जा म्हणतात. ‘काबीज’ त्याच धातूतला. ‘ताबा’च्या मुळाशी मात्र मागून चालणारा, आज्ञेत राहणारा माणूस आहे. एक शब्द धरणाऱ्याचा, दुसरा धरल्या गेलेल्याचा! म्हणूनच ‘दार’ हा प्रत्यय एकच असूनही कब्जेदार जमीन राखून असतो आणि ताबेदार हुकमाची वाट पाहत उभा राहतो. रागावर आपण ताबा ठेवतो, कब्जा नाही. घाटात सुटतो तोही गाडीवरचा ताबाच.

1677 च्या सुमारास शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथपंत हणमंते यांनी राजव्यवहारकोश सिद्ध केला आणि कारभारातल्या फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. तरीही हे दोन शब्द हटले नाहीत. मला वाटतं, जमिनीच्या कागदांनी त्यांना जगवलं. खरेदीखतात ‘प्रत्यक्ष ताबा’ दिल्याचं वाक्य आजही असतं.

‘हस्तगत करणे’ संस्कृतातून आलं, पण बोलण्यात कमीच. ‘बळकावणे’ अस्सल घरचं, आणि त्यात निवाडाही आहे. किल्ला जिंकणारा ‘सर केला’ म्हणतो. दरवर्षी नांगराचं एक तास, म्हणजे नांगरटीची एक रेघ, पुढे सरकवत शेजाऱ्याचा बांध कोरणारा जमीन बळकावतो. ‘सूत्रे हाती घेणे’ यात कुणाचं हिरावलेलं नसतं, म्हणून पदभाराच्या बातमीत तेच शोभतं.

विरुद्धार्थी बाजूला ताबा सोडणे, हवाली करणे, स्वाधीन करणे हे आहेतच. पण मला सगळ्यांत खोल वाटतो तो ‘पाणी सोडणे’. दान देताना यजमान उजव्या तळहातावर पळीभर पाणी घेतो, संकल्प होतो, पाणी बोटांवरून ताम्हनात उतरतं. त्या क्षणापासून वस्तू त्याची राहत नाही. माहेरच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही करून आलेली बहीणही हेच शब्द वापरते, “मी पाणी सोडलं त्यावर.”