सोनोग्राफी

सोनोग्राफी : श्राव्यातीत ध्वनिलहरी शरीरात सोडून त्यांच्या प्रतिध्वनींवरून आतल्या अवयवांचे चित्र उमटवणारी तपासणी. तीत चिरफाड नाही, क्ष-किरणही नाहीत.

माणसाला साधारण २०,००० हर्ट्‌झपर्यंतचा आवाज ऐकू येतो. पोटाच्या तपासणीत २ ते ५ मेगाहर्ट्‌झचा, म्हणजे २० ते ५० लाख हर्ट्‌झचा वापरतात. शरीरावर फिरवतात त्या प्रोबमधले स्फटिक विजेने थरथरून ध्वनी सोडतात आणि परतलेल्या प्रतिध्वनीने दाबले गेले की उलट वीज देतात. हा दाबविद्युत् परिणाम पिएर आणि झाक क्यूरी या भावांनी १८८० मध्ये दाखवला. मऊ ऊतींत ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर जातो, त्यामुळे परतायला लागलेल्या वेळेवरून खोली कळते.

या ध्वनीचे हवेशी वाकडे आहे. हवा लागली की तो जवळजवळ सगळा मागे फिरतो. पोटावर चोपडतात ते गार, बुळबुळीत जेल त्वचा आणि प्रोब यांमधली हवा घालवण्यासाठीच असते. ‘पाणी पिऊन बसा, लघवीला जाऊ नका’ यामागेही तेच : फुगलेले मूत्राशय वायूने भरलेली आतडी बाजूला सारते आणि गर्भाशय दिसू लागते. उपाशीपोटी बोलावतात, कारण जेवणानंतर पित्ताशय आकसते. त्यातला खडा पांढरा चमकतो, त्याच्यामागे काळी सावली पडते. रुग्णाला कुशीवर वळवले की खडा बहुधा घरंगळतो, भिंतीला चिकटलेला मांसांकुर मात्र जागचा हलत नाही. फुप्फुसे आणि हाडांच्या आड दडलेले भाग यांबाबत हे तंत्र लंगडे पडते.

ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयन डोनल्ड यांनी धातूतले दोष शोधणारे कारखान्यातले यंत्र पोटातल्या गाठींवर वापरून पाहिले. जॉन मॅकव्हिकर आणि अभियंता टॉम ब्राउन यांच्यासह त्यांचा निबंध १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला.

भारतात मात्र याच तंत्राने मुलींचा जीव घेतला. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला, केंद्राचा १९९४ मध्ये आला आणि २००३ मध्ये तो कडक झाला. तरीही राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली २००१ मध्ये ९१३ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. सोनोग्राफी केंद्राची नोंदणी आणि गर्भवतीच्या तपासणीची नोंद ठेवणारा ‘एफ’ फॉर्म आता सक्तीचा आहे. ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ ही पाटीही लावावीच लागते. मुतखडा तपासायला आलेले आजोबाही नंबर येईपर्यंत तीच वाचत बसतात.