पीयूमधला पी आणि ३२८पीमधला पी

प्रोजेक्टचे दिवस आले की लातूरला माझ्या रिपेअरिंगच्या टेबलाभोवती पॉलिटेक्निकची पोरं असतातच. परवा एक जण ठिबकचं काम घेऊन आला. एक सर्किट बोअरच्या स्टार्टरपाशी बसवायचं, दुसरं शेतात मातीची ओल मोजायला. "सर, बूटलोडर जाईना गेलाय. दुकानदारानं डुप्लिकेट चिप दिली वाटतं." बूटलोडर म्हणजे चिपमध्ये आधी भरायचा छोटा प्रोग्राम, त्याच्यामुळे पुढचे प्रोग्राम यूएसबीवरून भरता येतात.

चिप डुप्लिकेट नव्हती. पाठीवर छापलेलं होतं एटीमेगा३२८-पीयू, आणि याला हवी होती एटीमेगा३२८पी-पीयू. घाईत वाचलं तर पी दोन्हींत दिसतोच. पण पीयूमधला पी नुसता बांधणीचा: चौदा-चौदा पायांच्या दोन रांगा, सॉकेटात बसणारी प्लास्टिकची चिप. कामाचा पी आकड्याला चिकटून येतो, तो पिकोपॉवरचा, म्हणजे कमी विजेत भागवण्याचा.

बाकी दोघी जुळ्याच. फ्लॅश ३२ केबी, रॅम २ केबी, ईईप्रॉम १ केबी, पायांची जागा तीच. आर्डुइनो ऊनो बोर्डाच्या सॉकेटात कुठलीही बसवा, एलईडी लुकलुकणारच. मग चिपमध्ये प्रोग्राम भरणारं एव्हीआरड्यूड हे सॉफ्टवेअर अडवतं कशाला? तर सहीसाठी.

या चिपा ज्या घराण्यातल्या, त्या एव्हीआरच्या प्रत्येक चिपमध्ये कारखान्यातच तीन बाइटची सही कोरलेली असते. ३२८पीची १ई ९५ ०एफ, नुसत्या ३२८ची १ई ९५ १४. पहिला १ई म्हणजे ॲटमेल (२०१६ साली मायक्रोचिपनं ती कंपनी घेतली, पण १ई तसाच राहिला). दुसरा ९५ फ्लॅशचं माप सांगतो. १६ केबीच्या एटीमेगा१६८ला तिथं ९४ असतो. फरक उरतो तो शेवटच्या बाइटात. एव्हीआरड्यूडला सांगितलं ३२८पी, चिपनं उत्तर दिलं १४, आणि काम थांबलं. सही सगळी एफएफ किंवा सगळी शून्यं आली असती, तर मात्र मी आधी वायरी तपासल्या असत्या.

पोराची खरी तक्रार पुढंच होती. "मित्राच्या बोर्डावर हीच चिप आहे, त्याला काहीच एरर येत नाही." आता त्याच्या बोर्डावर ऑप्टिबूट नावाचं बूटलोडर आधीच भरलेलं. यूएसबीवरून प्रोग्राम पाठवताना सही विचारली की उत्तर देतो बूटलोडर, आणि ती सही त्याच्यात कंपाइल करतानाच लिहिलेली असते. म्हणजे ओसरीवर बसलेला माणूस घरातल्याचं नाव सांगतो. कुणीतरी जबरदस्तीनं, सही जुळली नाही तरी पुढं जा असं एव्हीआरड्यूडला सांगणारा उणे एफ (-F) लावून, ३२८पीचं ऑप्टिबूट ३२८मध्ये भरलं असेल तर तो बोर्ड कायम ०एफच म्हणत राहणार. घरात शिरून विचारायचं असेल तर आयएसपी, म्हणजे बूटलोडरला वगळून थेट चिपशी बोलणारा प्रोग्रामर, लागतो. दुसरा ऊनो आयएसपी म्हणून जोडला तरी भागतं. मित्राचा बोर्ड तसा जोडून वाचला, तर निघाला १४.

बूट_सिग्नेचर_बाइट_गेट हे फंक्शन वापरून प्रोग्राममधूनही खरी सही वाचता येते. पत्ते ०, २ आणि ४. पोरं ०, १, २ वाचतात आणि मधलंच काहीतरी हाती आलं की चिपला नावं ठेवतात.

मग पी घ्यावा की नाही? इथं ब्राउनआउट डिटेक्टर कळला पाहिजे. व्होल्टेज ठरलेल्या पातळीखाली उतरलं की तो चिपला रीसेटमध्ये धरून ठेवतो, नाहीतर ती अर्धवट शुद्धीत काहीबाही करते आणि ईईप्रॉमची वाट लागते. पण हा पहारेकरी चिप झोपली तरी जागाच, आणि अंदाजे २० ते २५ मायक्रोअँपिअर खातो. २५ मायक्रोअँपिअर वर्षभर म्हणजे सुमारे २१९ मिलिअँपिअर-तास. मदरबोर्डवर असतो तो बटण सेल साधारण तेवढाच असतो, म्हणजे एकही रीडिंग न घेता सेल खलास! ३२८पी प्रोग्राममधूनच झोपेपुरता पहारा बंद करते आणि जागी होताना तो आपोआप परत लागतो. नुसत्या ३२८मध्ये ही सोय नाही. तिथं फ्यूज, म्हणजे चिपमधली सेटिंगची बिटं, बदलून पहारा कायमचाच काढता येतो, पण उतरत्या सेलवर मी तसं करणार नाही.

३२८पीबी नावाचीही एक आहे, सही १ई ९५ १६. ती ३२ पायांच्या सपाट बांधणीतच मिळते, त्यामुळे या सॉकेटात बसायचा प्रश्नच नाही.

पोराला उणे एफ लावू दिलं नाही. आयडीईत, म्हणजे आर्डुइनोच्या प्रोग्राम लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये, मिनीकोर हे या चिपांसाठीचं पॅकेज टाकून व्हेरिएंट म्हणून साधी ३२८ निवडली आणि बूटलोडर पहिल्या झटक्यात गेला. ती चिप स्टार्टरपाशी बसवायला सांगितली, तिथं अडॅप्टरची वीज आहे. शेतातल्या सेलवरच्या सर्किटासाठी दुसरी आणायला गेला, तेव्हा हातावर पेननं ‘३२८पी’ लिहून गेला.