डोक्याला वायरी लावणारे दोन उपचार: एक ऐकतो, दुसरा करंट देतो

मावशीच्या बारापैकी आठ कीमो झाल्या होत्या. दर आठवड्याला पॅक्लिटॅक्सेल हे औषध, आणि त्याने हातापायांच्या नसा (मज्जातंतू) दुखावल्या होत्या. पायातली चप्पल मागे राहिली तरी तिला कळायचं नाही, ब्लाऊजचे हुक लावायला मुलीला हाक मारावी लागायची आणि रात्री तळपायांची आग आग व्हायची. मेंदूला सराव देऊन हे दुखणं कमी करायचा एक उपचार आहे, असं मी तिला सांगितलं, तर ती दचकलीच. "म्हणजे डोक्याला करंट देणार? नको गं बाई."

तिची भीती खोटी नव्हती, पण ती दुसऱ्याच उपचाराची होती. वायरी दोन्हीकडे दिसतात, म्हणून ही गल्लत होते.

मी सांगत होते तो न्यूरोफीडबॅक. त्यातल्या वायरी मेंदूला काहीही देत नाहीत, त्या फक्त ऐकतात. मेंदूतली वीज कवटीवरून टिपता येते, हे जर्मनीतल्या हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये दाखवलं. ती इतकी क्षीण असते की मायक्रोव्होल्टमध्ये, म्हणजे एका व्होल्टच्या दहा लाखाव्या भागात मोजावी लागते. डोक्याला जेल लावून इलेक्ट्रोड, म्हणजे वायरींच्या टोकाच्या चकत्या, बसवतात आणि समोरच्या पडद्यावर एक साधा गेम चालतो. मेंदूच्या लहरी हव्या त्या बाजूला सरकल्या की गेम पुढे जातो, नाहीतर थांबतो. नेमकं काय केल्याने तो पुढे गेला, हे रुग्णाला शब्दांत सांगता येत नाही. सायकलचा तोल जसा सांगून येत नाही, तसंच हे. पण पुन्हा पुन्हा बसल्यावर जमू लागतं. इथे मेहनत रुग्णाची असते, यंत्र आरशासारखं समोर असतं.

कॅन्सरच्या रुग्णांवर याचा अभ्यास अमेरिकेत ह्यूस्टनच्या एमडी अँडरसन कॅन्सर सेंटरमध्ये सारा प्रिन्स्लू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. कीमोमुळे हातापायांना मुंग्या, बधिरपणा आणि वेदना मागे राहिलेले ७१ जण त्यात होते. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले. एका गटाला २० सत्रं दिली, दुसऱ्याला थांबायला सांगितलं. सत्रं घेतलेल्यांची वेदना, मुंग्या, बधिरपणा बराच कमी झाला. हे वाचून मला फार बरं वाटलं, तरी दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. दुसऱ्या गटाला खोटी सत्रं दिलेली नव्हती. वीस वेळा कुणी आपल्याकडे आपुलकीने लक्ष दिलं तर तेवढ्यानेही दुखणं हलकं होतं, आणि त्यातला वाटा किती हे या अभ्यासातून वेगळं काढता येत नाही. दुसरं म्हणजे या लोकांची कीमो आधीच संपलेली होती, मावशीसारखी चालू नव्हती.

आता मावशीच्या मनातला उपचार. त्यात मेंदूला बाहेरून चेतना देतात. एक प्रकार चुंबकाचा: डोक्याजवळ कॉइल धरून टकटक आवाज करत चुंबकीय लहरी सोडतात. ही पद्धत इंग्लंडमधल्या शेफिल्डला अँथनी बार्कर यांच्या गटाने १९८५ मध्ये दाखवली. दुसऱ्या प्रकारात खरोखरच करंट असतो, पण तो साधारण एक ते दोन मिलिअँपिअर, वीसेक मिनिटं. कातडीला चुणचुण होते, एवढंच. मनोरुग्णांना भूल देऊन देतात ती शॉक ट्रीटमेंट याहून पूर्ण निराळी, तिचा इथे संबंध नाही. नसांच्या जुनाट दुखण्यावर हे दोन्ही प्रकार वापरून पाहिले जातात. यात रुग्णाने काही शिकायचं नसतं, नुसतं बसायचं असतं.

म्हणूनच विचारायचे प्रश्नही वेगळे. चेतना देणार असतील तर डोक्यात ऑपरेशनमध्ये बसवलेली धातूची क्लिप किंवा कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी आत बसवलेलं यंत्र) आहे का, पेसमेकर आहे का, कधी फिट आली होती का, कॅन्सर मेंदूपर्यंत गेला आहे का, हे आधी सांगायलाच हवं, कारण चुंबकाच्या प्रकारात क्वचित फिट येऊ शकते. न्यूरोफीडबॅकमध्ये आत काहीच जात नसल्याने हा धोका नाही. तिथे विचारायचं ते असं: शिकवणारा माणूस कोण, सत्रं किती, खर्च किती?

आणि हे दोन्ही उपचार दुखावलेली नस दुरुस्त करत नाहीत. पॅक्लिटॅक्सेल लांब नसांमधली वाहतूक बिघडवतं. सगळ्यात लांब नसा पायाच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून सुरुवात तिथून होते. हे उपचार त्या नसांकडून येणाऱ्या संदेशांचं मेंदू काय करतो, तिथे हात घालतात.

कीमो चालू असताना मात्र नसांवरचा मारा थांबलेला नसतो. अशा वेळी मेंदूच्या सरावाआधी पहिली गोष्ट म्हणजे कॅन्सरच्या डॉक्टरांना, ऑन्कॉलॉजिस्टना, सांगणं. डोस कमी करणं, पुढे ढकलणं, औषध बदलणं त्यांच्याच हातात असतं. मावशीने चपलेची गोष्ट त्यांना सांगितलीच नव्हती, कारण त्यामुळे कीमो बंद करतील अशी तिला धास्ती होती. नवव्या कीमोच्या दिवशी मी तिच्या देखत सांगितलं. डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला लावून पायाच्या बोटांना कापूस लावला, आणि मग डोस कमी करून लिहिला.