डिजिटल वॉलेट

मोबाइल अ‍ॅपवरील किंवा संकेतस्थळावरील खात्यात आगाऊ रक्कम भरून ठेवून तिच्यातून खरेदीचे पैसे चुकते करण्याची सोय. भारतात ती 'प्रीपेड पेमेंट इन्स्ट्रुमेंट' (पीपीआय) या वर्गात मोडते व 'पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स अ‍ॅक्ट, २००७' या कायद्यान्वये रिझर्व्ह बँक तिचे नियमन करते. बोलण्यात यूपीआय अ‍ॅप, अ‍ॅपल पे यांनाही सर्रास वॉलेट म्हटले जाते. मात्र यूपीआय अ‍ॅप ग्राहकाचा आदेश त्याच्या बँकेकडे पोहोचवते, तर अ‍ॅपल पेमध्ये कार्डाच्या जागी एक सांकेतिक क्रमांक वापरला जातो. पैसे दोन्हींत बँकेकडेच राहतात. प्रस्तुत नोंदीत पैसे साठवणारे वॉलेट एवढाच मर्यादित अर्थ घेतला आहे.

उगम : याविषयी एकमत नाही. काही अभ्यासक अमेरिकी संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड चॉम यांच्या १९८० च्या दशकातील संशोधनापासून सुरुवात धरतात. त्यांच्या डिजिकॅश कंपनीची 'ई-कॅश' पद्धत १९९५ च्या सुमारास अमेरिकेतील मार्क ट्वेन बँकेने वापरून पाहिली. तीत बँकेने प्रमाणित केलेली सांकेतिक नाणी ग्राहकाच्या स्वतःच्या संगणकात राहत. दुसरा पक्ष १९९४ मध्ये स्थापन झालेल्या सायबरकॅश कंपनीच्या प्रणालीकडे बोट दाखवतो. पण ती मुख्यतः कार्डाचा क्रमांक सुरक्षितपणे विक्रेत्याकडे पोहोचवण्यासाठी होती. फिनलंडमधील हेलसिंकीत १९९७ मध्ये एसएमएस पाठवल्यावर शीतपेय देणारी यंत्रे बसवली गेली, हा दाखला लोकप्रिय लेखनात वारंवार येतो. तो मोबाइलवरून पैसे देण्याच्या इतिहासात शोभतो. त्यात वॉलेट कोठे होते, हे दाखला देणारे सांगत नाहीत. ग्राहकाची शिल्लक कंपनीच्या खातेवहीत नोंदवायची व ती नोंद फिरवूनच पैसे चुकते करायचे, ही आजच्या वॉलेटची मूळ रीत मानली, तर १९९० च्या दशकाच्या अखेरीस आलेली पेपाल ही ऑनलाइन पैसे देण्या-घेण्याची सेवा हा त्याचा सर्वांत जवळचा पूर्वज ठरतो. हे मत अधिक ग्राह्य वाटते.

भारतात वॉलेटच्या आधी दुकानात विकत मिळणारी, आगाऊ पैसे भरलेली कॅश कार्डे होती. मुंबईतील इट्झकॅश ही ती काढणारी एक ठळक कंपनी. रिझर्व्ह बँकेची पीपीआयविषयक पहिली मार्गदर्शक तत्त्वे एप्रिल २००९ मध्ये निघाली. त्याच वर्षी ऑगस्टपासून ऑनलाइन कार्ड व्यवहाराला जादा पासवर्ड सक्तीचा झाला. तेव्हाच्या संथ इंटरनेटवर पासवर्डचे पान उघडता उघडता व्यवहार तुटत असे. कार्डाने एकदाच मोठी रक्कम भरून ठेवायची आणि पुढे पन्नास-शंभर रुपयांचे रिचार्ज त्यातून करत राहायचे, ही वॉलेटची सोय बहुधा यामुळेच रुजली. मोबिक्विक व पेटीएम या दोन्ही कंपन्यांचा आरंभीचा धंदा रिचार्जचाच होता.

व्यवहाराची रीत : समजा, ग्राहकाने १,४९९ रुपयांची वस्तू निवडली. पैसे भरण्याच्या पानावर वॉलेटचा पर्याय निवडताच विक्रेत्याचा सर्व्हर ऑर्डर क्रमांक व रक्कम वॉलेट कंपनीकडे पाठवतो. मजकुरात वाटेत फेरफार झाल्यास तो उघड व्हावा, म्हणून सोबत 'चेकसम' ही सांकेतिक खूण जोडलेली असते. ओटीपी, पिन अथवा तत्सम उपायाने ग्राहकाची ओळख पटली की शिल्लक तपासली जाते. ती ९०० रुपयेच असेल, तर उरलेले ५९९ रुपये बऱ्याच ठिकाणी कार्डाने किंवा यूपीआयने भरता येतात. त्यानंतर ग्राहकाच्या नावे १,४९९ रुपये वजा व विक्रेत्याच्या नावे तेवढेच जमा, अशी नोंद होते. सारी रक्कम वॉलेटमधूनच दिली असेल, तर या घटकेला बँकेतला एक रुपयाही हललेला नसतो.

निकाल विक्रेत्याकडे दोन वाटांनी जातो : एक ग्राहकाच्या ब्राउझरमधून, दुसरी सर्व्हरकडून थेट सर्व्हरकडे. पहिलीवर विसंबणे धोक्याचे, कारण ग्राहकाने पान मध्येच बंद केले किंवा नेटवर्क गेले की ती खुंटते. शिवाय तो संदेश ग्राहकाच्याच यंत्रातून जात असल्याने बनावटही असू शकतो. म्हणून विक्रेत्याने वॉलेटच्या सर्व्हरला पुन्हा विचारून खातरजमा करावी, अशी अपेक्षा असते. 'पैसे कापले गेले, ऑर्डर मात्र लागली नाही' ही नेहमीची तक्रार बहुतेकदा या दोन वाटांच्या विसंगतीतून उद्भवते. विक्रेत्याची प्रत्यक्ष रक्कम दिवसभराचा हिशेब जुळवून नंतर त्याच्या बँक खात्यात पाठवली जाते.

पैशांची राखण : बिगरबँक कंपनीला ग्राहकांचे पैसे अनुसूचित वाणिज्य बँकेतील एस्क्रो खात्यात, म्हणजे ठरलेल्या कामासाठीच पैसे काढता येतील अशा राखीव खात्यात, वेगळे ठेवावे लागतात. तिथली रक्कम ग्राहकांची एकूण शिल्लक व विक्रेत्यांचे देणे यांच्या बेरजेपेक्षा कमी असता कामा नये. शिल्लकेवर ग्राहकाला व्याज मिळत नाही. बिगरबँक वॉलेटमधील शिल्लक ही बँक ठेव नसल्यामुळे तिला ठेव विम्याचे संरक्षणही नाही.

प्रकार व मर्यादा : केवळ जारीकर्त्याकडेच (वॉलेट काढणाऱ्या कंपनीकडेच) वापरता येणारे ते बंदिस्त वॉलेट, त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. २०२१ च्या निर्देशांनी उर्वरित वॉलेटे लघु व पूर्ण-केवायसी (ग्राहकाची ओळख पूर्णपणे पडताळलेली) अशी विभागली. लघु वॉलेटात एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत शिल्लक ठेवता येते व ती फक्त खरेदीला चालते. पूर्ण-केवायसी वॉलेटात ही मर्यादा २ लाख रुपये असून त्यातून दुसऱ्याला पैसेही पाठवता येतात. फसलेल्या किंवा रद्द झालेल्या व्यवहाराचा परतावा मूळ वॉलेटातच जमा करावा लागतो, मग त्याने मर्यादा ओलांडली तरी चालते. अनधिकृत व्यवहारात दोष ना ग्राहकाचा ना कंपनीचा असेल आणि ग्राहकाने तीन दिवसांत कळवले, तर त्याच्यावर बोजा पडत नाही.

नोव्हेंबर २०१६ मधील नोटाबंदीने वॉलेटांचा प्रसार झपाट्याने वाढवला. परंतु त्याच वर्षी आलेल्या यूपीआयने आगाऊ रक्कम भरून ठेवण्याची गरजच बरीचशी संपवली. पुढे पूर्ण-केवायसी वॉलेटे यूपीआयशी जोडणे बंधनकारक झाले आणि डिसेंबर २०२४ मध्ये अशा वॉलेटातील पैसे अन्य कंपनीच्या यूपीआय अ‍ॅपमधूनही खर्च करण्यास मुभा मिळाली.