सरासरीत हरवलेल्या पेशी

सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराला कारणीभूत असलेलं जनुक १९८९ साली सापडलं. त्याचं नाव सीएफटीआर. ते बिघडलं की पेशीच्या आवरणातून क्लोराइडची ये-जा अडते, श्वासनलिकेतला कफ घट्ट आणि चिकट होतो, जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा होत राहतो आणि फुप्फुसं हळूहळू निकामी होतात. जनुक हाती लागलं, त्याचं प्रथिन कळलं, पुढे त्या प्रथिनाला कामाला लावणारी औषधंही आली. पण श्वासनलिकेच्या अस्तरातल्या नेमक्या कोणत्या पेशी हे प्रथिन बनवतात, या साध्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ तीस वर्षं अंदाजानेच दिलं जात होतं. अस्तरात बारीक लव असलेल्या पेशी भरपूर असतात, तेव्हा त्यांच्यातच हे जनुक थोडं थोडं चालू असणार, असं बहुतेकांनी धरलं होतं.

ऑगस्ट २०१८ मध्ये ‘नेचर’च्या एकाच अंकात दोन वेगवेगळ्या गटांचे निबंध आले. दोन्ही गटांनी उंदराच्या आणि माणसाच्या श्वासनलिकेतल्या हजारो पेशी सुट्या केल्या आणि प्रत्येकीत कोणती जनुकं चालू आहेत हे स्वतंत्रपणे वाचलं. दोघांनाही पाठ्यपुस्तकात नसलेला एक पेशीप्रकार सापडला. शंभरात जेमतेम एक भरेल इतक्या विरळ असलेल्या या पेशींमध्ये सीएफटीआर जोरात चालू होतं. माशांच्या कल्ल्यांत आणि बेडकाच्या त्वचेत क्षारांचं नियमन करणाऱ्या पेशींशी त्यांचं साम्य दिसलं, म्हणून त्यांना फुप्फुसातल्या ‘आयनोसाइट’ असं नाव मिळालं. गोष्ट इथेच संपली नाही, हेही सांगायला हवं. माणसाच्या श्वासमार्गात स्रावक पेशी संख्येने कितीतरी जास्त असतात आणि सीएफटीआरच्या एकूण कामात त्यांचा वाटा मोठा असावा, असं नंतरच्या अभ्यासांतून पुढे आलं. आयनोसाइट किती महत्त्वाच्या, यावर आजही चर्चा चालू आहे. पण आता ही चर्चा पेशींची नावं घेऊन होते.

इतकी वर्षं ही पेशी निसटली कशी? त्याचं कारण तपासण्याच्या पद्धतीत होतं. ऊतीचा तुकडा घ्यायचा, तो विरघळवायचा, लाखो पेशींचा डीएनए किंवा आरएनए एकत्र काढायचा आणि वाचायचा, ही रूढ रीत. हातात येते ती सरासरी. साऱ्या मतदान केंद्रांची मतं एकाच ढिगात ओतून मोजली, तर निकाल अचूक लागतो, पण कोणत्या वस्तीने कोणाला मत दिलं ते कळायचा मार्ग उरत नाही. रोगाच्या बाबतीत मात्र त्या वस्तीलाच महत्त्व असतं. उपचारानंतर उरलेल्या मूठभर पेशींपासून कर्करोग उलटतो; आतड्याचा दाह काही ठरावीक प्रतिकारपेशी पेटता ठेवतात. सरासरीत त्या दिसत नाहीत.

एकेक पेशी वाचावी ही कल्पना सुचायला अवघड नव्हती. अवघड होता तो जिन्नस. माणसाच्या एका पेशीत डीएनए असतो सुमारे सहा पिकोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागाच्या सहापट. आरएनए साधारण दहा ते तीस पिकोग्रॅम आणि त्यातला जनुकाचा निरोप वाहून नेणारा संदेशवाहक आरएनए फक्त काही टक्के. यंत्राला वाचता येईल इतका माल हवा, तर त्याच्या असंख्य प्रती काढाव्या लागतात आणि प्रती काढताना चुका होतात, काही रेणू मागे राहतात, काही उगाचच फुगतात. २००९ साली केंब्रिजमध्ये अझीम सुरानी यांच्या प्रयोगशाळेत फूचौ तांग आणि सहकाऱ्यांनी उंदराच्या चार पेशींच्या अवस्थेतल्या गर्भाची एकच पेशी घेऊन तिचा संदेशवाहक आरएनए वाचून दाखवला. त्या काळच्या मायक्रोअ‍ॅरे या जनुकं चालू आहेत का ते पाहायच्या जुन्या तंत्राला जेवढी जनुकं दिसत, त्यापेक्षा ५,२७० जास्त जनुकं त्यांना त्या एवढ्याशा मालात चालू असलेली आढळली. डीएनएच्या बाजूचं काम याहून कठीण. संदेशवाहक आरएनएच्या निदान अनेक प्रती पेशीत असतात, डीएनएच्या मात्र दोनच. त्यातली एक हुकली की अर्धी माहिती गेली. सनी शी यांच्या गटाने २०१२ साली मांडलेल्या ‘मालबॅक’ पद्धतीने जनुकसंचाच्या प्रती बऱ्याच समप्रमाणात निघू लागल्या.

तरीही एकेक पेशी नळीत घेऊन काम करायचं, तर दिवसाकाठी काही डझन पेशी झाल्या तरी पुष्कळ. खरी उडी २०१५ साली पडली. ‘ड्रॉप-सेक’ आणि ‘इनड्रॉप’ या दोन पद्धती हार्वर्डच्या परिसरातून एकाच वेळी प्रसिद्ध झाल्या. दोन्हींतली युक्ती मला अजूनही या सगळ्या क्षेत्रातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तेलाच्या प्रवाहात पाण्याचे अतिसूक्ष्म थेंब तयार करायचे. प्रत्येक थेंब साधारण एक नॅनोलीटरचा, म्हणजे लीटरचा अब्जावा भाग. पेशींचा द्राव इतका पातळ ठेवायचा, की एका थेंबात एकाहून जास्त पेशी सहसा येऊ नयेत. पेशीबरोबर थेंबात एक सूक्ष्म मणी शिरतो. मण्यावर डीएनएचे असंख्य छोटे धागे चिकटवलेले असतात. ड्रॉप-सेकमध्ये त्या धाग्यांत १२ अक्षरांचा एक क्रम असतो, जो एका मण्यावर सर्वत्र सारखा आणि दुसऱ्या मण्यावर वेगळा. डीएनएची अक्षरं चार, तेव्हा १२ जागांवर १ कोटी ६७ लाखांहून अधिक वेगवेगळे क्रम बनतात. हा झाला पेशीचा बारकोड. थेंबात पेशी फुटते, तिचा संदेशवाहक आरएनए मण्यावरच्या धाग्यांना चिकटतो आणि त्याची डीएनए प्रत बनते तेव्हा तो क्रम तिला कायमचा जोडला जातो. थेंब फोडून माल खुशाल एकत्र करा, एकत्र वाचा. कोणता निरोप कोणत्या पेशीतून आला, हे संगणक बारकोड पाहून वेगळं करतो. त्याच धाग्यावर आणखी ८ अक्षरांचा एक क्रम असतो. तो प्रत्येक धाग्यावर वेगळा असल्याने एकाच रेणूच्या हजार प्रती निघाल्या तरी त्या एकच मोजल्या जातात. प्रती काढताना येणारी फूग अशी मोजणीतच मारली जाते. ड्रॉप-सेकच्या पहिल्याच निबंधात उंदराच्या दृष्टिपटलातल्या ४४,८०८ पेशी वाचून त्यांचे ३९ गट पाडले होते. पुढच्या वर्षी हेच तत्त्व वापरणारी तयार यंत्रं बाजारात आली आणि हे काम मोजक्या प्रयोगशाळांपुरतं राहिलं नाही.

कर्करोगाच्या अभ्यासकांना सरासरीचा जाच सर्वांत आधी जाणवला होता. निकोलस नेव्हिन आणि मायकेल विग्लर यांच्या गटाने २०११ सालीच स्तनांच्या दोन गाठींचा अभ्यास शंभर-शंभर पेशी सुट्या वाचून केला. एका गाठीत एकामागून एक वाढलेल्या तीन वेगळ्या पेशीवंशांच्या खुणा होत्या. दुसरी गाठ आणि तिच्यातून यकृतात पसरलेला रोग मात्र एकाच वंशाचा निघाला. गाठीचा इतिहास तिच्या पेशींच्या डीएनएत लिहिलेला असतो आणि तो वाचता येतो, हे तिथे दिसलं. २०१४ साली ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या घातक कर्करोगाच्या पाच रुग्णांच्या गाठींतल्या ४३० पेशी वाचल्या गेल्या. या रोगाचे उपप्रकार पाडून प्रत्येक रुग्णावर त्यातल्या एकाचा शिक्का मारायची पद्धत होती. प्रत्यक्षात प्रत्येक गाठीत निरनिराळ्या उपप्रकारांच्या पेशी शेजारी शेजारी नांदत होत्या. शिक्का होता तो बहुसंख्य पेशींचा. एका उपप्रकारावर नेम धरून दिलेलं औषध बाकीच्या पेशींपर्यंत पोचत नसेल, तर त्यात नवल नाही.

औषधाला दाद न देणाऱ्या पेशी येतात कुठून, हा तर जुना वाद. त्या आधीपासूनच गाठीत दडलेल्या असतात, की औषधाच्या माऱ्यामुळे घडतात? ट्रिपल निगेटिव्ह प्रकारच्या स्तनांच्या कर्करोगात नेव्हिन यांच्या गटाने २०१८ साली किमोथेरपीच्या आधीचे आणि नंतरचे नमुने तपासले. रुग्ण होते २०. त्यातल्या १० जणींमध्ये कर्करोगाचे वंश उपचाराने नामशेष झाले, उरलेल्या १० जणींमध्ये तगले. तगलेल्यांच्या पेशी एकेक करून वाचल्यावर उत्तर मिळालं ते दोन्ही बाजूंना थोडं थोडं बरोबर ठरवणारं. डीएनएतले बदल आधीपासूनच काही पेशींत होते, औषधाने त्यांची निवड केली. जनुकं चालू-बंद करण्याची घडी मात्र उपचारादरम्यान बदलली. उपचारावर याचा थेट परिणाम होतो. आधीपासून असलेल्या पेशी उपचारापूर्वी शोधता येऊ शकतात. घडी बदलणाऱ्या पेशींना ती बदलण्यापासून अडवता येईल का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्यासाठी वेगळी औषधं लागतील.

लहान मुलांच्या मूत्रपिंडात होणाऱ्या विल्म्स गाठीबद्दलही त्याच वर्षी एक महत्त्वाचं निरीक्षण पुढे आलं. या गाठीतल्या पेशी गर्भातल्या वाढत्या मूत्रपिंडाच्या पेशींशी जुळतात, म्हणजे त्या वाढीच्या एका टप्प्यावर अडकून पडलेल्या आहेत. मारण्याऐवजी त्यांना पुढच्या टप्प्यावर ढकलता येईल, ही कल्पना अजून कल्पनाच आहे, पण तिला आता आधार आहे.

रुग्णाच्या शिरेपर्यंत जाऊन पोचलेलं उदाहरण हवं असेल, तर ते प्रतिपिंडांचं, म्हणजे अँटिबॉडींचं. प्रतिपिंडाचा प्रत्येक रेणू एक जड आणि एक हलकी अशा दोन प्रकारच्या साखळ्यांचा बनलेला असतो आणि त्या दोघींची जनुकं वेगवेगळी असतात. प्रतिपिंडं बनवणाऱ्या लाखो बी पेशींचा आरएनए एकत्र वाचला तर साखळ्या मिळतात, पण कोणती कोणाची जोडीदार ते हरवतं. एकेक बी पेशी वेगळी केली की जोडी आयती हाती येते. २०२० साली कोविडमधून बऱ्या झालेल्या एका रुग्णाच्या रक्तातल्या पेशी अशाच चाळून बामलॅनिव्हिमॅब हे प्रतिपिंड औषध निवडलं गेलं आणि काही महिन्यांतच, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, अमेरिकेत त्याला आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली. विषाणू बदलला, औषध निष्प्रभ होऊ लागलं आणि एप्रिल २०२१ मध्ये ते एकटं वापरण्याची परवानगी मागे घेतली गेली. शोधण्याचा वेग टिकला, औषध टिकलं नाही.

त्याच साथीच्या सुरुवातीला आणखी एक गोष्ट उपयोगी पडली. विषाणू पेशीवरच्या ज्या प्रथिनाला चिकटतो ते एसीई२ आणि टीएमपीआरएसएस२ हे त्याला आत शिरायला मदत करणारं विकर शरीरात कुठे कुठे असतं, हे पाहायला नव्याने प्रयोग करावे लागले नाहीत. वेगवेगळ्या अवयवांतल्या पेशींची माहिती आधीच जमवलेली होती. ती चाळल्यावर नाकाच्या अस्तरातल्या कफ बनवणाऱ्या आणि लव असलेल्या पेशी ठळकपणे पुढे आल्या. ही माहिती तयार होती ती ‘ह्यूमन सेल अ‍ॅटलास’ या आंतरराष्ट्रीय उपक्रमामुळे. अवीव रेगेव्ह आणि सारा टाइकमन यांच्या पुढाकाराने तो २०१६ साली सुरू झाला. माणसाच्या शरीरात सुमारे ३७ लाख कोटी पेशी आहेत. त्या सगळ्या वाचायच्या नाहीत, त्यांचे प्रकार नोंदवायचे आहेत. पाठ्यपुस्तकं हे प्रकार साधारण दोनशे सांगत आली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एकट्या मेंदूच्या नोंदणीत तीन हजारांहून जास्त गट पडले. अर्थात ‘प्रकार’ म्हणायचं कशाला, हे इथे संगणकाची चाळणी किती बारीक ठेवली त्यावरही ठरतं. हे आकडे वाचताना मी तरी थोडा हात राखून वाचतो.

हात राखायला इतरही कारणं आहेत. ऊतीतून पेशी सुट्या करायला विकरं वापरतात. त्या ओढाताणीत काही नाजूक पेशी मरतात आणि काहींची जनुकं केवळ त्या ताणाने पेटतात. पेशीतल्या निरोपांपैकी बहुतेक निसटतात, त्यामुळे एखादं जनुक ‘बंद’ दिसलं तर ते खरंच बंद होतं, की हुकलं, हे एका पेशीवरून सांगता येत नाही. एका थेंबात चुकून दोन पेशी आल्या, तर नवा पेशीप्रकार सापडल्याचा भास होतो. शिवाय सुटी केलेली पेशी तिची जागा गमावून बसते. गाठीच्या आत प्रतिकारपेशी आहेत की नुसत्या काठावर घुटमळत आहेत, यावर इम्युनोथेरपीचं, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगावर सोडणाऱ्या उपचाराचं, यश अवलंबून असू शकतं आणि नेमकं तेच कळत नाही. म्हणूनच ऊतीचा पातळ काप तसाच ठेवून जागच्या जागी आरएनए वाचणारी तंत्रं गेल्या काही वर्षांत इतक्या वेगाने वाढली.

एक त्रुटी तंत्राची नाही, माणसांची आहे. आतापर्यंतचे बहुतांश नमुने युरोपीय वंशाच्या लोकांचे. निरोगी रक्तातल्या प्रतिकारपेशींचं प्रमाण वंश, वय आणि लिंगानुसार बदलतं, तेव्हा एका लोकसमूहावरून ठरवलेलं ‘सामान्य’ दुसऱ्याला लावलं तर निदान चुकू शकतं. भारत, जपान, दक्षिण कोरिया, सिंगापूर आणि थायलंडमधल्या निरोगी व्यक्तींच्या रक्तपेशी वाचणारा आशियाई प्रतिकारपेशींचा प्रकल्प यासाठीच उभा राहिला.

रुग्णालयाच्या रोजच्या कामात या तंत्राचा शिरकाव अजून थोडाच आहे. गर्भ प्रयोगशाळेत तयार केल्यावर रोपणापूर्वी त्याच्या मोजक्या पेशी काढून गुणसूत्रं तपासणं हे तिथलं सर्वांत रुळलेलं काम. मालबॅकने तपासलेल्या गर्भापासून २०१४ साली बाळ जन्मालाही आलं. बाकी ठिकाणी अडतं ते खर्चावर आणि वेळेवर. ताजा तुकडा काही तासांत प्रयोगशाळेत पोचायला हवा, तोही सुट्या, जिवंत पेशींच्या रूपात, आणि शस्त्रक्रियागृहाच्या वेळापत्रकात हे बसत नाही. यावर एक तोड निघाली आहे: अख्खी पेशी सोडून तिचं केंद्रकच वाचायचं. केंद्रक गोठवलेल्या ऊतीतूनही शाबूत निघतं. मेंदूच्या चेतापेशींचे लांब तंतू सुटे करताना तुटतात, त्यामुळे तिथे ही पद्धत आधी रुजली. आता ऊतिपेढ्यांच्या शीतकपाटांत वर्षानुवर्षं पडून असलेले, त्या रुग्णांचं पुढे काय झालं याची नोंद असलेले नमुने तिच्यामुळे बाहेर काढले जात आहेत.