राज्यसभेत बजेट अडत नाही

“राज्यसभेत विरोधकांनी बजेट अडवलं, आता रेल्वेची कामं थांबणार.” मार्च आला की ठाणे-वाशी लोकलमध्ये हे हमखास कानावर पडतं. अमेरिकेत खर्चाचं विधेयक अडलं की सरकारी कचेऱ्यांना टाळं लागतं, हे खरं. आपल्याकडे नाही.

खात्यांच्या अनुदान मागण्यांवर, म्हणजे त्यांनी मागितलेल्या खर्चावर, मतदान फक्त लोकसभेत होतं. मग येतं विनियोजन विधेयक, म्हणजे तो पैसा तिजोरीतून काढायची परवानगी. ते धन विधेयक असल्यामुळे राज्यसभेच्या हातात १४ दिवस. शिफारशी करता येतात, पण लोकसभेवर त्या बंधनकारक नाहीत. मुदतीत परत आलं नाही, तर मंजूर झालं असं धरतात.

गोंधळानंही पैसा अडत नाही. ठरल्या दिवशी अध्यक्ष ‘गिलोटिन’ लावतात, म्हणजे उरलेल्या मागण्या चर्चेविना एकदम मताला. २३ मार्च २०२३ ला सुमारे ४५ लाख कोटींचा खर्च असाच मंजूर झाला. अडली ती चर्चा!

कपात सूचना, म्हणजे मागणी कमी करण्याचा खासदाराचा प्रस्ताव? धोरणाला विरोध असेल तर मागणी १ रुपयावर आणा, तक्रार मांडायची तर १०० रुपये कमी करा. त्या बहुधा पडतातच. एखादी मंजूर झाली, तर प्रश्न शंभर रुपयांचा नसतो. सरकारनं बहुमत गमावलं असा अर्थ निघतो.