हेडिंग अक्षरं मोठी करण्यासाठी नसतं

आम्ही बनवलेली वेबसाइट तुमच्या ताब्यात दिली की दोन-तीन महिन्यांनी फोन येतो, "पान बिघडलंय, जरा बघा." उघडून बघावं तर बहुतेक वेळा कारण एकच. अक्षरं ठसठशीत दिसावीत म्हणून कुणीतरी एडिटरमध्ये साध्या ओळीला 'हेडिंग १', म्हणजे पानाच्या मुख्य शीर्षकाची खूण, लावलेली असते.

समजा, गंगापूर धरणाजवळच्या होमस्टेचं पान आहे. होमस्टेचं नाव 'हेडिंग १', 'खोल्या आणि दर', 'जेवण', 'कसे याल' ही 'हेडिंग २', आणि खोल्यांच्या पोटात 'एसी', 'नॉन-एसी' ही 'हेडिंग ३'. मग कुणी 'सिंहस्थासाठी आजच बुक करा!!' हेडिंग १ केलं, मोबाइल नंबरही हेडिंग १, आणि 'खोल्या आणि दर' राहिलं नुसतं बोल्ड. बघायला पान झकास. पण दृष्टिहीन ग्राहक एनव्हीडीएसारखा स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वापरतो आणि 'एच' दाबत एका हेडिंगवरून पुढच्या हेडिंगवर जातो. त्याला बुकिंगची हाक आणि नंबर ऐकू येतो. दर सापडतच नाहीत. (एनव्हीडीए फुकट मिळतो, एकदा आपलंच पान ऐकून बघा.) पानात काय आहे हे समजायला गुगललाही हेडिंगची मदत होते. त्यानं शोधात पहिला नंबर लागतो असं मात्र आम्ही सांगत नाही.

अक्षर मोठं हवंय? परिच्छेद तसाच ठेवा, सेटिंग्जमधून फॉन्टचा आकार वाढवा. झालं.

बाकीची बांधणी, म्हणजे पानाच्या कोडमध्ये कुठल्या भागाला कुठला टॅग लावायचा ते, आमच्याकडे. मेनू 'नॅव्ह'मध्ये, मुख्य मजकूर 'मेन'मध्ये, तो पानात एकच. वेगळी काढूनही वाचता येईल अशी बातमी 'आर्टिकल', शीर्षक देण्याजोगा भाग 'सेक्शन', नुसती रंगीत चौकट हवी तर 'डिव्ह' पुरे. स्वस्तातल्या कामात सगळंच डिव्ह असतं आणि दिसायला काही फरक नसतो. तो कळतो 'बुक करा'च्या बटणावर. डिव्हला रंग फासून केलेलं बटण माउसनं चालतं, पण टॅब दाबून तिथे पोचता येत नाही आणि एंटरला ते दाद देत नाही. खऱ्या 'बटन'ला हे आपसूक येतं. आमचं कोटेशन थोडं जास्त दिसतं ते अशाच कामांमुळे.

नव्या साइट्समध्ये एडिटरमधून 'हेडिंग १' आम्ही काढूनच ठेवतो. काहींना तो आगाऊपणा वाटतो, असू दे.

जुनी साइट दुसऱ्या कुणी केलेली असली तरी लिंक व्हॉट्सअ‍ॅप करा, एक पान फुकट तपासून देऊ. दुरुस्ती लागलीच तर खर्च आधी कळवू. पाठवण्याआधी मात्र स्वतः काही बदलत बसू नका, अर्धवट बदललेलं पान निस्तरायला दुप्पट वेळ जातो.